पोरांच्या तोंडची बोली शाळेने काढावी का?

टाइनकाठ
२०१३ साली इंग्लंडात मिडल्सब्रोच्या एका प्राथमिक शाळेने पालकांना यादी पाठवली होती. 'यूझ' (तुम्ही सगळे), 'आय डन दॅट' (प्रमाण इंग्रजीत 'आय डिड दॅट'), 'गिझिट इयर' (ते इकडे दे) असं मुलं बोलली की घरीही टोका, असं सांगणारी. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. प्रमाण इंग्रजीत एकाला 'यू' आणि दहा जणांनाही 'यू'च. 'यूझ'ने ती अडचण सोडवली, मग ती चूक कशी? सँडविचचा गोल पाव मँचेस्टरला बार्म, नॉटिंगहॅमला कॉब. उद्या तेही खोडणार का?

सडेतोड
असहमत. पावाचं नाव वेगळं, 'आय डन' वेगळं. मुलाखतीत समोरचा दोन वाक्यांत माणूस जोखतो. घरची बोली घरात आपोआप येते. प्रमाण भाषा कामगाराच्या पोराला शाळेखेरीज कोण देणार?

टाइनकाठ
जोसेफ राइट आठवा. यॉर्कशरच्या गिरणीत राबणारं पोर, पंधराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं. पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ मध्ये इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. बोली टाकावी लागली नाही त्याला.

सडेतोड
आणि त्या कोशातले अर्थ कुठल्या इंग्रजीत लिहिले? प्रमाणच ना!

रात्रपाळी
मी तिकडच्याच एका इस्पितळात नर्स आहे. आजीबाई 'आयॅम प्रॉपर बॅडली' म्हणाल्या की त्या आजारी आहेत हे मला कळायलाच हवं. दुखत असताना कोणी प्रमाण भाषेत कण्हत नाही. शिकायचं आम्ही.
टोपणनावांचंही तेच. सन्डरलंडच्या माणसाला जॉर्डी, म्हणजे न्यूकॅसलवाला, म्हणून बघा, लगेच सुनावेल, 'मी मॅकम, सन्डरलंडचा!' मिडल्सब्रोवाल्यांना कारखान्यांच्या धुरावरून 'स्मॉगी' म्हणून फुटबॉलच्या मैदानात हिणवायचे. आता ते स्वतःच मिरवतात. परक्यांचा टोमणा पचवला त्यांनी. आपल्याच गावच्या शाळेने पोरांना लाजवलं तर ते जास्त लागतं.

सडेतोड
रात्रपाळी, इस्पितळाचं पटलं. बोलताना टोकू नये, चला. पण निबंधात 'आय डन' आलं तर लाल शाई हवीच.

टाइनकाठ
निबंधात हवीच, त्यावर वाद नाही. पण ती यादी निबंधापुरती नव्हती, घरातल्या बोलण्यापर्यंत पोचली होती. माझा आक्षेप तिथे आहे.