मामा तलावात गळाला रोहू लागत नाही, बारीक मासेच चारा संपवतात

साकोलीकाठ
नमस्कार मंडळी. साकोलीकडच्या एका गावातला मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला) आहे. ठेका मच्छीमार संस्थेकडे आहे आणि संस्थेची परवानगी घेतलेली आहे. पाळीवरून (बांधावरून) टाकतो: १० फुटी बांबू, ०.५० मिमीचा तंगूस (नायलॉनची दोरी), १/० चा गळ, चाऱ्याला कणकेचा गोळा. तरंडा (पाण्यावर तरंगणारी खूण) सारखा टुकटुक हलत राहते, ओढलं की गळ रिकामा. रोहू, मिरगल लागतच नाही. पलीकडे कमळात मरळ उडते, पण तिथे टाकला की तंगूस गुंतते. गळ, चारा, जागा यात काय बदलू? आणखी एक, घरी मोहाची ढेप पडली आहे. ती भिजवून टाकली तर मासा जमा होईल का?

वैनगंगा_गळ
बाकीचं नंतर, आधी ढेपेचं. मोहाची ढेप तलावात अजिबात टाकू नका भाऊ. मोहाच्या बियांच्या ढेपेत सॅपोनिन राहते. ते कल्ल्यांतून रक्तात जाते, तांबड्या पेशी फोडते आणि मासा मरतो. मत्स्यबीज सोडण्याआधी संगोपन तळ्यातले मरळ, शिंगी यांच्यासारखे बीज खाणारे मासे मारायला हीच ढेप मुद्दाम वापरतात. १ मीटर खोल पाण्याला हेक्टरी २५०० किलो टाकतात आणि त्यानंतर सुमारे तीन आठवडे बीज सोडत नाहीत. तुमची दोन-चार किलो मोठ्या तलावात विरून जाईल, पण बोडीत (लहान तळ्यात) किंवा काठाच्या उथळ पाण्यात तेवढीही नको. त्या पाण्यात संस्थेच्या पैशाचं बीज आहे. रोहू, कतला, मिरगल साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागते. म्हणून तलावातला असा मासा बहुतेक विकत आणून सोडलेलाच राहतो. परवानगी घेतली ते फार चांगलं केलं.

चाऱ्यासाठी शेंगदाण्याची किंवा जवसाची ढेप घ्या.

झाडीपट्टी_तरंडा
तुमचा गळ मोठा आहे. गळाचे आकडे नीट समजून घ्या: साध्या आकड्यात नंबर वाढला की गळ लहान होतो, म्हणजे १० चा गळ ६ पेक्षा लहान. पण पुढे शून्य लागलं की उलट, ३/० हा १/० पेक्षा मोठा. कणकेच्या चाऱ्यावर रोहू-मिरगलला ६ किंवा ८ नंबर बरोबर बसते. रोहू चारा ओठांनी चाचपून ओढते. जाड गळ टोचला की तिथेच सोडून देते. तंगूसही ०.३० ते ०.३५ मिमीचा घ्या. जाड तंगूस पाण्यात ताठ राहते आणि चारा नीट खाली बसू देत नाही.

चारा असा करा: दोन वाट्या कणीक, एक वाटी शेंगदाण्याच्या ढेपेची चाळलेली पूड, पाणी अगदी बेतानं. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. मळताना चिमूटभर कापूस पिंजून त्यात मिसळा. आपल्याकडे कापसाला काय तोटा! त्याच्या धाग्यांनी गोळा गळावर टिकून राहते आणि बारीक मासे टोचून टोचून तो सोडवू शकत नाहीत. गोळा हरभऱ्याएवढा नको, बोराएवढा करा, म्हणजे बारीक तोंडात मावणारच नाही. गळाचं टोक मात्र जेमतेम झाका. कणकेत खोल बुडालं तर ओढल्यावर ते ओठात शिरत नाही.

खोली मोजल्याशिवाय टाकू नका. गळाला तात्पुरतं जड शिसं अडकवून पाण्यात सोडा. तरंडा बुडला तर खोली जास्त आहे, तो वर सरकवा. आडवा पडला तर खाली घ्या. नुसता शेंडा दिसेल तिथे थांबा, ती खोली. मिरगल तळाशी चरते, म्हणून तिच्यासाठी चारा तळाला टेकलेला हवा. रोहूला तळापासून एक वीत वर ठेवा. कतला वरच्या थरातली, तोंड वर वळलेलं. ती पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाते, म्हणून कणकेच्या गोळ्याला क्वचितच येते. तिच्या मागे दिवस घालवू नका.

जागा तुडूमजवळची (तलावातून पाणी सोडायच्या दाराजवळची) धरा. धानाला पाणी सोडलं की तलाव उतरते आणि पाळीलगतचा तुडूमपाशचा भागच सगळ्यात खोल उरते; मोठा मासा तिथे सरकते. आदल्या संध्याकाळी एक किलो धानाचा कोंडा आणि पाव किलो भिजवलेली शेंगदाणा ढेप काठच्या चिकणमातीत कालवून मुठीएवढे गोळे करा. पाच-सहा गोळे एकाच ठिकाणी टाका, सकाळी दोन. यापेक्षा जास्त टाकलं तर मासा तेच खाऊन पोट भरते, वरून उरलेलं सडून पाणी खराब होते.

पहिल्या टुकटुकीला ओढू नका. तरंडा तिरपा होऊन चालू लागला किंवा आडवा झाला की मगच मनगटानं हलका झटका. आडवा होणं म्हणजे तळाचा चारा माशानं वर उचलला.

नवेगाव_मरळ
मरळीला बांबू-कणकेचं काम नाही. तिला विणलेला दोरा लागते, ३० ते ४० पौंडाचा. नायलॉन तंगूस ताणते आणि मासा कमळाच्या देठात घुसते. रबरी बेडूक घ्या, ज्याचे गळ पाठीला चिकटून राहतात. तो पानांवरून ओढला तरी अडकत नाही. जिवंत बेडूक वापरू नका, मोठा हिरवा बेडूक वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. मरळीनं झडप घातल्याचा आवाज आला की लगेच ओढू नका. दोन-तीन आकडे मोजा, दोरा ताणू द्या, मग जोरात मारा आणि लगेच तिचं डोकं वर काढा.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर त्या जागेला हात लावू नका. नर-मादी खाली राखण करत राहतात आणि जवळ येईल त्यावर धावतात, म्हणून तेव्हा सहज लागतात. पण ती काढली की बाकीचे मासे सगळी पिल्लं खाऊन टाकतात. कमळात तुटलेला तंगूस दिसेल तेवढा गोळा करून घरी न्या. सारस, टिबुकली अशा पाणपक्ष्यांच्या पायात तो गुंडाळला जाते.

साकोलीकाठ
खूप आभार. उद्याच ६ नंबर गळ आणतो. एक शंका: भल्या पहाटे मासे वर तोंड काढून असतात, चारा समोर पडला तरी बघत नाहीत. आणि शिंगी लागली तर कशी सोडवायची?

वैनगंगा_गळ
पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी राहते, कारण रात्रभर वनस्पती आणि शेवाळही तो वापरतात. वर तोंड काढलेला मासा श्वासासाठी धडपडते, भुकेसाठी नाही. तेव्हा गळही नको आणि चाराही नको, चारा सडून आणखी प्राणवायू खाईल. सूर्य वर आल्यावर तास-दोन तासांनी टाका. उन्हाळ्यातल्या ढगाळ दिवशी हे दुपारपर्यंतही चालते. मासे मरायला लागले तर संस्थेला लगेच कळवा. डिसेंबर-जानेवारीत उलट, पाणी गार राहते, म्हणून ११ ते ४ हीच वेळ.

शिंगीच्या छातीच्या दोन्ही परांना विषारी काटे राहतात. हातात धरूच नका. ओल्या गोणपाटात गुंडाळून चिमट्यानं गळ काढा. खोल गिळला असेल तर तंगूस कापा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास ठेवा, ठणका उतरते. पाणी दुसऱ्या हातानं तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. सूज वर चढत गेली किंवा काट्याचा तुकडा आत राहिला तर दवाखान्यात जा.