मदत हवी आहे: व्हॅलिडेटरमधील सुरक्षा-त्रुटी आणि टिल्डमुळे अडलेले अपडेट

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेच्या सभासद-नोंदणीचा अर्ज आम्ही एक्सप्रेसवर (नोड या सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीतील वेब-चौकट) चालवतो. त्यातील तपासण्या एक्सप्रेस-व्हॅलिडेटर ७.२.१ या लायब्ररीमार्फत होतात. प्रत्यक्ष तपासणीचे काम मात्र तिच्या पोटातली व्हॅलिडेटर ही लायब्ररी करते आणि तिच्याविषयी एनपीएम (नोडचा पॅकेज-व्यवस्थापक) याची ऑडिट ही सुरक्षा-तपासणी दोन इशारे देत आहे.

पहिला इशारा सीव्हीई-२०२५-५६२०० (ज्ञात सुरक्षा-त्रुटींच्या यादीतील क्रमांक) हा, म्हणजे इझयूआरएल या फंक्शनचा. दुव्याचा प्रोटोकॉल ओळखताना हे फंक्शन अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा एकत्र शोधते, तर ब्राउझरला नुसता अपूर्णविराम पुरतो; त्यामुळे ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणारा, विशिष्ट पद्धतीने रचलेला दुवा तपासणीतून सुटू शकतो. ही त्रुटी १३.१५.२० मध्ये दुरुस्त झाली आहे. दुसरा इशारा इझलेन्थचा आहे. हे फंक्शन लांबी मोजताना युनिकोडमधील व्हेरिएशन सिलेक्टर ही अदृश्य चिन्हे वगळत असे आणि त्यामुळे मर्यादेपेक्षा पुष्कळ लांब मजकूरही वैध ठरत असे. त्याची दुरुस्ती १३.१५.२२ मध्ये आहे. सभासदांची देवनागरी नावे आम्ही याच फंक्शनने मोजतो, परंतु त्यांतील काना-मात्रा आणि हलन्त ही चिन्हे या वगळण्यात येत नसल्याने साध्या नावांच्या मोजणीत फरक पडू नये, असे मला वाटते.

मूळ अडचण अशी की ७.२.१ ने व्हॅलिडेटरची १३.१२.० ही आवृत्ती टिल्ड (~) लावून मागितली आहे, म्हणजे १३.१२ च्या पुढे जाण्यास वावच नाही. याच प्रकल्पात सीक्वेलाइझ ६ ही डेटाबेस हाताळणारी लायब्ररी देखील आहे आणि तीही व्हॅलिडेटर वापरते, मात्र कॅरेट (^) लावून, म्हणजे तिला १३ मधील पुढच्या आवृत्त्याही चालतात. परिणामी एनपीएम अपडेट चालवल्यावर सीक्वेलाइझच्या वाट्याला नवी प्रत आली, एक्सप्रेस-व्हॅलिडेटरची प्रत जुनीच राहिली आणि ऑडिटमधील इशारेही कायम राहिले. ईमेल आम्ही विनंती येताना एकदा आणि सीक्वेलाइझच्या मॉडेलमध्ये (डेटाबेसमधील नोंदीच्या आराखड्यात) पुन्हा एकदा तपासतो. आता ही दोन कामे दोन वेगळ्या आवृत्त्या करतात आणि एकीने स्वीकारलेला पत्ता दुसरी नाकारू शकते. सुरक्षा-त्रुटीपेक्षा मला याचीच अधिक काळजी वाटते.

पॅकेज डॉट जेसन या प्रकल्पाच्या लायब्ररींच्या यादीत ओव्हरराइड्स (आतल्या लायब्ररीची आवृत्ती बळजबरीने ठरवणारी नोंद) लिहून दोन्हीकडे १३.१५.२२ किंवा त्यापुढची आवृत्ती लादणे योग्य ठरेल का? की एक्सप्रेस-व्हॅलिडेटरचीच पुढची आवृत्ती घ्यावी? कोणत्याही मार्गाने गेलो तरी १३.१२ वरून १३.१५ वर उडी ही घ्यावीच लागणार, आणि मधल्या आवृत्त्यांत भ्रमणध्वनी क्रमांक व ईमेल यांचे नियम बदलले असल्यास आधी नोंदलेल्या सभासदांचे अर्ज दुरुस्तीच्या वेळी अडतील, अशी भीती आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण प्रश्न नीट मांडला आहे. एक्सप्रेस-व्हॅलिडेटरची ताजी आवृत्ती व्हॅलिडेटरच्या आवृत्त्यांचा कोणता पल्ला मागते, हे एनपीएम व्ह्यू या आदेशाने आधी पाहा. त्या पल्ल्यात १३.१५.२२ बसत असेल तर तीच घ्या, कारण ओव्हरराइड ही तात्पुरती सोय आहे आणि कोणी काढून टाकली नाही तर पुढच्या सुधारणा ती मुकाट्याने अडवू शकते. बसत नसेल तर ओव्हरराइडला पर्याय नाही. त्यासाठी एनपीएम ८.३ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते आणि ती नोंद प्रकल्पाच्या मुळाशी असलेल्या पॅकेज डॉट जेसनमध्येच चालते. नंतर एनपीएम एलएस या बसवलेल्या लायब्ररी दाखवणाऱ्या आदेशाने व्हॅलिडेटरची एकच प्रत उरली आहे ना, याची खात्री करा आणि बदललेली लॉक फाइलही (बसवलेल्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) कमिट करा. इशारे आपोआप दुरुस्त करणाऱ्या ऑडिट फिक्स या आदेशाला फोर्स हा पर्याय जोडू नका. ते ठरलेले पल्ले ओलांडून भलतीच आवृत्ती बसवू शकते.

जुन्या नोंदींबाबतची भीती रास्त आहे. तिच्यासाठी बदलांची यादी वाचत बसण्यापेक्षा डेटाबेसमधील सर्व ईमेल आणि क्रमांक दोन्ही आवृत्त्यांतून एकदा काढावेत आणि निकाल जिथे वेगळे येतील तेवढ्याच नोंदी हाताने पाहाव्यात.

दुव्यांसाठी मात्र केवळ अपडेटवर विसंबू नका. प्रोटोकॉल असलाच पाहिजे हा इझयूआरएलचा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू करा. शिवाय नोडमधील अंगभूत यूआरएल वर्गाने दुवा उलगडून प्रोटोकॉल एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस आहे का, हे वेगळे तपासा. हा वर्ग ब्राउझरच्याच नियमांनी दुवा वाचतो. नुसते संकेतस्थळाचे नाव लिहिणाऱ्यांचा दुवा तिथे चूक ठरेल, तेव्हा त्यांच्यासाठी आधी एचटीटीपीएस जोडून घ्यावे लागेल.