‘हॉबिट’: एवढ्याशा पुस्तकाचे तीन चित्रपट झाले, ते आपल्याला पटले का?

धानपट्ट्यातला वाचक (साकोली तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत एक लहानसे वाचनालय चालते. गेल्या उन्हाळ्यात, दुपारी बाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती तेव्हा, तेथे येणाऱ्या दहा-बारा मुलांना मी इंग्रज लेखक टोल्कीन यांचे ‘हॉबिट’ रोज एक प्रकरण याप्रमाणे मराठीतून वाचून दाखवले. हॉबिट ही ठेंगण्या जिवांची जमात; तिच्यातला बिल्बो हा थोरिन आणि त्याच्या बारा बुटक्या साथीदारांबरोबर, ड्रॅगनने बळकावलेला त्यांचा खजिना परत मिळवायला निघतो, अशी ही गोष्ट. प्रकरणे एकूण १९ असल्यामुळे तीन आठवड्यांच्या आतच पुस्तक संपले आणि मुलांना चटका लावून गेले. पुढे रोवणी आटोपल्यावर एका मित्राने प्रोजेक्टर आणला आणि दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांचे २०१२, २०१३ आणि २०१४ साली आलेले तिन्ही चित्रपट आम्ही हिंदी डबिंगमधून लागोपाठ तीन शनिवारी रात्री पाहिले. ज्यांनी पुस्तक ऐकले नव्हते, ती मोठी माणसे खूश होऊन घरी गेली. मुले मात्र भांडायला उठली.

सर्वांत जोरात भांडली ती सहावीतली एक मुलगी. पुस्तकात बिल्बो तेरा बुटक्यांना जंगलातल्या एल्फ जमातीच्या राजाच्या तुरुंगातून सोडवतो, तेव्हा तो प्रत्येकाला गवत-पेंढा भरलेल्या पिंपात कोंबून वरून झाकण ठोकतो आणि ती पिंपे नदीत सोडून देतो. आत कोण जिवंत आहे, कोण गुदमरले, हे त्याला पलीकडच्या काठावर झाकणे उघडेपर्यंत कळत नाही. चित्रपटात ही पिंपे उघडी आहेत. बुटके त्यांतून माना बाहेर काढून ऑर्क या राक्षसी शत्रूंशी लढतात, कुऱ्हाडी एकमेकांकडे फेकतात, एक जण तर पिंपासकट काठावर उडून घरंगळत शत्रूंना लोळवतो. मोठी माणसे टाळ्या वाजवत होती आणि ही मुलगी मला विचारत होती, ‘‘सर, झाकणं कुठं गेली?’’ नंतर कळले की लपाछपी खेळताना ती एकदा घरच्या धान्य साठवायच्या रिकाम्या ढोलीत शिरली होती आणि वरून कोणीतरी सूप ठेवून दिले होते. तो अंधार, तो कोंड्याचा वास आणि नाकात जाणारी धूळ तिला ठाऊक होती. बुटक्यांचे काय झाले असेल हे वर्गातल्या इतर कोणाहीपेक्षा तिला अधिक कळले होते, आणि पडद्यावर नेमके तेच नव्हते.

तिन्ही चित्रपटांची लांबी मिळून ४७४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ आठ तास होते. पुस्तक मोठ्याने वाचायला मला याहून थोडाच अधिक वेळ लागला असेल. मुळात दोनच चित्रपट ठरले होते; त्यांचे तीन करण्याचे २०१२ च्या जुलैत, मुख्य चित्रीकरण उरकल्यावर जाहीर झाले. तरीही केवळ ‘ताणले’ म्हणून मी मोकळा होऊ इच्छित नाही. ज्यांनी पुस्तक आणि चित्रपट दोन्ही अनुभवले आहेत त्यांना माझा प्रश्न असा की, आपल्या मते बिघाड भर घालण्यात झाला, की भर घालण्याच्या रीतीत? आणि मुलांना पुन्हा दाखवायचेच झाले तर यातले काय दाखवावे?

पेटीवाला, सिंदेवाही

भाऊ, आपला प्रश्न माझ्या पोटापाण्याच्या जवळचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो. दिवाळीनंतर होळीपर्यंत मी झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवतो. शंकरपट किंवा मंडई असलेल्या गावात रात्री पडदा उघडतो आणि तो खाली येईपर्यंत कोंबडा आरवलेला असतो. माणसे अंगावर चादरी-कांबळी घेऊन लेकराबाळांसह पेंढ्यावर बसलेली असतात आणि नाटक रात्री एक वाजता संपले, तर या थंडीत आम्ही आता घरी कसे जायचे, असे तीच आम्हाला दरडावतात. त्यामुळे तीन तासांच्या संहितेत गाणी घालणे, विनोदी जोडीचे प्रवेश वाढवणे, खलनायकाला आणखी एकदा गर्जू देणे हे आमच्याकडे पाप मानत नाहीत. वडशाच्या कोणत्याही नाटक कंपनीत विचारा, ताणणे ही एक कलाच आहे.

पण त्या कलेचा एक नियम आहे, आणि तो मला एका जुन्या नटाने पहिल्याच हंगामात सांगितला होता: पुढच्या प्रवेशाला ज्या वस्तूची गरज आहे, ती वस्तू गाण्याच्या गडबडीत रंगमंचाबाहेर जाऊ द्यायची नाही. माझ्या मते जॅक्सन यांच्याकडून नेमकी हीच चूक झाली. पुस्तकात बिल्बो एकटा स्मॉग ड्रॅगनसमोर जातो, त्याची गोड गोड स्तुती करतो आणि स्तुतीने फुगलेला ड्रॅगन आपले रत्नजडित पोट दाखवतो, तेव्हा डाव्या छातीवरचा उघडा डाग बिल्बोच्या नजरेस पडतो. ही गोष्ट तो बाहेर येऊन बुटक्यांना सांगत असताना एक म्हातारा कस्तुर पक्षी ती ऐकतो, उडत जाऊन सरोवरावरच्या गावात बार्ड या तिरंदाजाच्या खांद्यावर बसून त्याला सांगतो आणि बार्ड आपल्या बापाकडून आलेला शेवटचा काळा बाण बरोबर त्या डागावर मारतो. हॉबिटचे बोलणे, पाखराचे कान आणि माणसाचा बाण, अशा तीन दुबळ्या गोष्टी एका दोऱ्यात ओवल्यावर ड्रॅगन पडतो. चित्रपटात डाग आहे, बिल्बोला तो दिसतोही. पण त्याने पाहिल्याचा पुढे काडीचा उपयोग होत नाही. बार्डच्या घराण्यात ती खूण आधीपासूनच ठाऊक आहे, बाण भाल्याएवढा लोखंडी झाला आहे आणि धनुष्य मोडल्यावर तो पोराच्या खांद्याचा आधार घेऊन सोडला जातो. दृश्य थरारक आहे, हे मी मान्य करतो. बापलेकाच्या त्या क्षणी माझाही श्वास अडकला. मात्र बिल्बो त्यातून पूर्णपणे वजा झाला आणि ज्याच्या नावाची गोष्ट आहे तोच विंगेत उभा राहिला.

शेवटच्या लढाईचेही तसेच. पुस्तकात बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो, तो बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा सारे संपलेले असते. टोल्कीन १९१६ साली सोमच्या रणभूमीवर स्वतः होते. लढाई कशी रंगवावी हे त्यांना ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांनी ती मुद्दामच झाकून ठेवली, कारण मरणाच्या दारात असलेला थोरिन बिल्बोची क्षमा मागतो, तो तंबूतला प्रसंग त्यांना मोठा करायचा होता. चित्रपटात हा निरोप बर्फावर होतो आणि नटांनी तो उत्तम केला आहे, पण तोवर प्रेक्षक इतका दमलेला असतो की रडायला त्याच्यात त्राण उरत नाही. आम्ही पहाटे पाचचा करुण प्रवेश करतो तेव्हा त्याआधी मुद्दाम एक संथ पद ठेवतो.

आर्वीची बाई

पेटीवाले दादांचा नियम मी वहीत उतरवून घेतला आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि या पुस्तकाशी माझे नाते जरा वेगळे आहे. ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक असलेले टोल्कीन जोडउत्पन्नासाठी परीक्षेचे पेपर तपासत असत आणि एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेल्या पानावर त्यांनी या गोष्टीचे पहिले वाक्य लिहिले. मार्च-एप्रिलमध्ये गठ्ठे तपासताना कोरे पान आले की मला हटकून ही गोष्ट आठवते. (माझ्या हातून त्यावर आजवर शून्याखेरीज काही लिहिले गेलेले नाही.)

चित्रपटकारांच्या बाजूने एक मुद्दा मांडला पाहिजे. १९३७ सालच्या पहिल्या आवृत्तीत गुहेत राहणारा गोलम हा विचित्र प्राणी आपली जादूची अंगठी बिल्बोशी कोड्यांच्या पैजेवर लावतो आणि हरल्यावर ती सापडत नाही, म्हणून चक्क माफी मागतो. पुढे टोल्कीन ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मोठी कादंबरी लिहू लागले, तिच्यात हीच अंगठी सर्वनाशी ठरली आणि मग १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण बदलले. म्हणजे नंतरच्या मोठ्या कथेला जुळावे म्हणून या लहान पुस्तकात हात घालणारे पहिले गृहस्थ स्वतः लेखकच होते. बुटक्यांसोबतचा जादूगार गँडाल्फ मधेच नाहीसा होऊन कोठे जातो, याचा पुस्तकात ओझरता उल्लेख आहे. त्याचा तपशील मोठ्या कादंबरीच्या परिशिष्टांतून घेऊन चित्रपटात दाखवला, त्यात मला गैर वाटत नाही. गैर वाटतो तो सूर. १९६० साली टोल्कीन यांनी सबंध ‘हॉबिट’ त्या गंभीर सुरात पुन्हा लिहायला घेतले होते आणि काही प्रकरणांनंतर ते सोडून दिले. ज्या वाटेवरून लेखक परत फिरला, त्याच वाटेने चित्रपट आठ तास चालत राहिला. पुस्तकात गोष्ट सांगणारा आजोबांसारखा मधेमधे मुलांशी बोलतो, त्यांची फिरकी घेतो, पुढचे थोडेसे सांगून टाकतो. पडद्यावर तो आजोबा सुरुवातीची काही मिनिटे भेटतो आणि मग रणवाद्यांत हरवतो.

टॉरिएल या एल्फ तरुणीबद्दल मात्र माझे मत आपल्यातील बहुतेकांना आवडणार नाही. ती पुस्तकात नाही, हे खरे. पण पुस्तकात बोलणारी बाईच नाही. नावाने उल्लेख आहे तो फक्त बिल्बोच्या आईचा. माझ्या वर्गातल्या मुलींना पडद्यावर एक बाई धनुष्य ताणताना दिसली तेव्हा त्या सरसावून बसल्या, आणि तो आनंद त्यांच्याकडून काढून घेण्याचा मला अधिकार नाही. राग आहे तो पुढचा: एवढी शूर बाई आणली आणि तिला दोन पुरुषांच्या मधे उभे करून डोळे पुसायला लावले.

दाखवायचेच असेल तर पहिल्या चित्रपटातला कोड्यांचा प्रसंग दाखवा. एक गुहा, दोन पात्रे, अंधार आणि हरल्यास जीव जाणार. मार्टिन फ्रीमन यांचा बिल्बो आणि अँडी सर्किस यांचा गोलम यांनी तेथे पुस्तकाला कोठेही उणे पडू दिलेले नाही.

वरुडचा बागायतदार

मी उलट्या वाटेने आलो आहे. चित्रपट आधी टीव्हीवर पाहिले आणि मग पुस्तक शोधून वाचले, तेही तिसऱ्या चित्रपटातल्या एका प्रसंगासाठी. सोन्याच्या ढिगात राहून थोरिनची मती फिरलेली आहे, सगळ्यांवर त्याचा संशय आहे, आणि बिल्बो कोपऱ्यात बसून हातात काहीतरी लपवताना त्याला दिसतो. हाच आपले हरवलेले रत्न चोरतो आहे, असे समजून तो ओरडतो. बिल्बो मूठ उघडतो, तर आत ओकच्या झाडाचे बी असते. वाटेत ज्याच्या घरी मुक्काम केला त्या बेऑर्नच्या बागेतून ते उचलले, घरी गेल्यावर अंगणात लावणार, असे तो सांगतो. क्षणभर थोरिनचा चेहरा निवळतो. बियाणे खिशात घालून एवढा प्रवास करणारा माणूस मला आपल्यातला वाटला.

पुस्तकात हा प्रसंग मी दोनदा शोधला आणि तो तेथे नाही. म्हणून भर घालणे मुळातच वाईट, हे मला मान्य नाही. संत्र्याच्या झाडावर नवी फूट येते तेव्हा प्रत्येक फूट छाटत नाहीत. पानसोट तेवढे काढतात, म्हणजे सरळसोट उंच वाढणारी, हिरवीगार दिसणारी, फळ न धरणारी आणि झाडाचा सारा रस पिणारी फांदी. पुस्तकाप्रमाणे अझॉग हा ऑर्क या कथेच्या कितीतरी आधी मेलेला आहे. चित्रपटात तो तिन्ही भाग बुटक्यांच्या मागे लागतो आणि अगदी शेवटापर्यंत निसटत राहतो. तो पानसोट. ओकच्या बियाचा प्रसंग मात्र फळधरणीची फांदी आहे, कारण सोने आणि घर यांतले बिल्बोने काय निवडले, हे त्या एका मुठीत दिसते.

पेटीवाला, सिंदेवाही

वरुडकर भाऊ, तो प्रसंग मी विसरलोच होतो आणि आपण म्हणता ते मला मान्य आहे. पहिल्या चित्रपटात बिल्बोच्या घरी बुटके रात्री धीम्या सुरात जे गाणे म्हणतात, तेही याच जातीचे म्हणता येईल. शब्द पुस्तकातले, चाल चित्रपटाची. ते मी पेटीवर बसवले आहे.

धानपट्ट्यातला वाचक (साकोली तालुका)

सर्वांचे आभार. आपली उत्तरे काल वाचनालयात मुलांना वाचून दाखवली. येत्या शनिवारी कोड्यांचा प्रसंग आणि ओकच्या बियाचा प्रसंग एवढेच दाखवायचे ठरले आहे. बाईंनी टॉरिएलविषयी लिहिलेले ऐकून दोन मुलींनी तिचाही एक प्रसंग मागितला, तो जोडू. रडण्याचा नको, असे त्यांनीच बजावले आहे.

सहावीतल्या मुलीने मात्र पिंपांचा प्रसंग पडद्यावर पुन्हा पाहण्यास साफ नकार दिला. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते नववे प्रकरण मी पुन्हा वाचायचे आहे, आणि तेही दिवा मालवून. दिवा मालवल्यावर मी वाचू कसे, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘तुम्ही टॉर्च घ्या न सर, फक्त आमच्याकडं मारू नका.’’