शब्दचर्चा: ‘स्पिलओव्हर’ला सांडवा म्हणावं की पाझर?

शहापूरकर: आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी स्वच्छ ऊर्जेच्या अर्थकारणावर लिहितोय आणि ‘नॉलेज स्पिलओव्हर’वर अडलोय. नव्या ज्ञानावर खर्च एकाने करायचा, फायदा मात्र दमडी न घातलेल्यांनाही व्हायचा. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये हेच मांडलं: शोधाचं सगळं फळ शोधणाऱ्याच्या पदरात पडत नाही, म्हणून खासगी पैसा तिकडे गरजेपेक्षा कमी जातो. ‘अधिप्रवाह’ लिहिलं तर आमचे वाचक पान उलटतील. ‘सांडवा’ कसा वाटतो?

हिडकलकर: सांडवा नको. धरण भरल्याशिवाय सांडव्यावरून थेंब जात नाही. कन्नडात ‘कोडी बित्तु’ म्हणतात तेही तळं तुडुंब झाल्यावरच. म्हणजे आधी मालकाचं पोट भरणार, उरलं तर खालच्यांना. ज्ञान तेवढं थांबतंय कुठं? पहिल्या दिवसापासून जमिनीखालून चालतं. ‘पाझर’ म्हणा. आमचे आजोबा स्वतःच्या शेततळ्याकडं बघून कुरकुरायचे, “खणलं मी, पाणी शेजाऱ्याच्या हिरीत जाऊलालंय!”

खानापूरची: पाझरच. उदाहरण सौर पॅनेलचं घ्या. जर्मनीने २००० च्या कायद्यानं सौर विजेला २० वर्षं ठरलेला दर दिला आणि भार तिथल्या ग्राहकांच्या बिलावर टाकला. मागणी दिसताच चीनमध्ये कारखाने उभे राहिले. ऑस्ट्रेलियात शिकलेल्या शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये सनटेक ही सौर पॅनेलची कंपनी काढली ती अशाच काळात. जगातलं आजवरचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की पॅनेल साधारण २० टक्क्यांनी स्वस्त, हा क्रम कित्येक दशकं टिकलाय. आज आमच्याकडं कौलांवर पॅनेल चढतं, त्यात जर्मनांच्या वीजबिलाचा पाझर आहे. (या स्वस्त होत जाण्याला ‘लर्निंग कर्व्ह’ म्हणतात, त्याला ‘अध्ययनवक्र’ नका करू. ‘हात बसणं’ आहे की आपल्याकडं.)

निपाणीकर: पण मळीचं पाणीही विहिरीत पाझरतं. चांगल्या-वाईटाला एकच शब्द?

हिडकलकर: अर्थशास्त्रातही दोन्ही ‘एक्स्टर्नॅलिटी’च, म्हणजे व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याला होणारा फायदा किंवा तोटा. वाईट पाझरावर कर बसवा हे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच सांगितलं, चांगल्याला हात द्यायचा. आपल्या सरकारनं दोन्ही एका दोरीत ओवायचा प्रयत्न केलेला: २०१० पासून कोळशावर टनाला ५० रुपये उपकर, २०१६ पर्यंत तो ४००, आणि पैसा स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि त्या जागी राज्यांच्या महसुलाची तूट भरून द्यायचा भरपाई उपकर बसला. तेव्हा उपकर राहिला, काम बदललं; २०२५ मध्ये कोळशावरचा तोही गेला.

शहापूरकर: आणि ‘झिरपणं’?

खानापूरची: ते ‘ट्रिकल-डाऊन’वाल्यांनी, म्हणजे श्रीमंतांची भरभराट आपोआप गरिबांपर्यंत पोचते म्हणणाऱ्यांनी, केव्हाच पळवलं. झिरपणं वरून खाली. पाझर आडवाही जातो, बांध ओलांडून.

शहापूरकर: ठरलं तर. शीर्षक, ‘ज्ञानाला पाझर फुटतो तेव्हा’.

निपाणीकर: अहो, पाझर दगडाला फुटतो! वाचकांना वाटेल, जर्मनांना आमची दया आली.

शहापूरकर: बरं, क्रियापद बदलतो. पाझर ‘जातो’, फुटत नाही.