मदत हवी आहे: ऑइल फिल्टर कोणता घ्यावा आणि घरी बदलताना काय सांभाळावं?

खाडीकाठ_मालवण:
गाडी २०१३ ची वॅगनआर, १ लिटर के-सीरीज पेट्रोल. घर ते बाजार एवढीच फिरते, वर्षाला ४,००० किमीच्या आतच. फिल्टरच्या डब्याला बाहेरून गंज चढलाय. दुकानात दोन फिल्टर मिळतात, एक कंपनीचा आणि एक 'हापण बसता' म्हणून दिलेला स्वस्तातला. हाताने फिरवून दोन्ही बसतात. कुठला घेऊ? किती आवळायचा? आणि किलोमीटर झाले नसतील तर बदलायलाच हवा का?

कणकवली_पानाबॉक्स:
हाताने बसला एवढ्यावर तो घेऊ नका. तुमच्या इंजिनाला एम२० × १.५ चे आटे लागतात, म्हणजे २० मिमी व्यास आणि दोन आट्यांत १.५ मिमी अंतर. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना पाऊण इंची, इंचाला १६ आट्यांचा फिल्टर येतो. दोन्ही शेजारी ठेवले तर नजरेला फरक कळत नाही. पाऊण इंची फिल्टर तुमच्या स्टडवर (इंजिनावरचा आट्यांचा दांडा, ज्यावर फिल्टर चढतो) सुरुवातीलाच अडकेल, आणि पान्याने रेटलात तर स्टडचे आटे जातील. उलट एम२० चा फिल्टर पाऊण इंची स्टडवर सैल बसतो आणि तेलाचा दाब आला की निसटतो.

आटे जुळले तरी तीन गोष्टी बघा. रबर रिंगचा व्यास जुन्या रिंगइतकाच हवा. बायपास व्हॉल्व्ह हवा, कारण पेपर तुंबला किंवा तेल थंड, घट्ट असलं की इंजिनाला तेल त्या वाटेने मिळतं. तिसरी म्हणजे कडेच्या बारीक भोकांतून आत दिसणारा रबरी पडदा. इंजिन बंद झाल्यावर तो तेल फिल्टरमध्ये धरून ठेवतो. हा पडदा कडक झाला की सकाळी स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते, म्हणजे तेवढा वेळ इंजिन तेलाविना फिरत असतं. स्वस्त फिल्टर बहुतेक वेळा इथेच मार खातात. कंपनीचाच घ्या, आणि पार्ट नंबर बॉक्सवरचा न बघता डब्यावर छापलेला ताडून बघा.

घाटवाट:
मुदतीबद्दल: किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तेल पुरतं तापत नाही, त्यातलं पाणी उडून जात नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तर नाहीच. तेलाचं झाकण उघडून आतून बघा. दह्यासारखा पिवळट थर असेल तर सहा महिन्यांनी बदला. तुमच्यासाठी पावसाळा संपता संपता बदललेलं उत्तम, चार महिन्यांचं पाणी निघून जातं. मात्र कूलंट कमी होत असेल तर तो थर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधली सील) फुटल्याने असू शकतो, ते आधी तपासून घ्या.

खाडीकाठ_मालवण:
कंपनीचाच घेतो. गंजलेला डबा फिरत नसेल तर?

कणकवली_पानाबॉक्स:
इंजिन पाच मिनिटं चालवा, दहा मिनिटं थांबा. तेल कोमट हवं, उकळतं नको. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. जांभ्याचा चिरा तर अजिबात लावू नका, भाराखाली अचानक फुटतो.

ड्रेन बोल्टला सहा कोनांचं सॉकेट लावा, बारा कोनांच्या रिंग पान्याने गंजलेले कोपरे गोल होतात. तेल घमेल्यात निथळू द्या. फिल्टरला डब्याभोवती पॉलिश पेपर गुंडाळून पट्ट्याचा पाना लावा, तोही बुडाजवळ, म्हणजे इंजिनाकडच्या टोकाला, कारण तिथे पत्रा जाड असतो. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकायची युक्ती गंजलेल्या डब्यावर करू नका. पत्रा फाटून नुसतं बूड इंजिनावर राहतं.

फिल्टर निघाला की त्याची रबर रिंग त्यालाच आहे ना, हे हाताने चाचपून बघा. ती ब्लॉकला चिकटून राहिली आणि वर नवा फिल्टर चढवला, तर दोन रिंगा एकमेकींवरून घसरतात आणि स्टार्ट करताच सगळं तेल खाली येतं. बैठक फडक्याने पुसा, नव्या रिंगला बोटाने तेल लावा. हाताने फिरवत रिंग टेकली की तिथून पाऊण वेढा, बस. पान्याने गच्च आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही. ड्रेन बोल्टला नवा वायसर, आणि टॉर्क पान्याने ३५ न्यूटन-मीटर आवळा.

घाटवाट:
तेल आधी अडीच लिटर ओता, मग डिपस्टिक बघत थोडं थोडं. ग्रेड मॅन्युअलमधलाच. स्टार्ट केल्यावर तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच बंद. एक मिनिट चालवून फिल्टर आणि बोल्टखाली टॉर्च मारा, पाच मिनिटांनी पातळी परत बघा. तेल वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका, क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळून फेस करतो.

सड्यावरचा:
जुनं तेल पऱ्यात नको, परसातही नको. वाळवीसाठी वाशांना फासतात तेही टाळा. जांभा सच्छिद्र आहे, वर ओतलेलं तेल विहिरीपर्यंत पोचतं. जुना फिल्टर तोंड खाली करून रात्रभर निथळत ठेवा आणि तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून मोठ्या गॅरेजला द्या. तिथे ते पिंपात साठवतात आणि रिसायकलवाले घेऊन जातात.