आवाजाची वाट बघू नका

आवाज येत नाही तोवर गाडीच्या ॲक्सलला, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याला, हात लावायचा नाही, हे तुमचं मत मला पटत नाही. वळताना कटकट ऐकू येते तेव्हा ॲक्सलचा बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट आतून झिजलेला असतो, मग नुसतं ग्रीस भरून उपयोग नाही. आधी फाटतं ते रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं आवरण. स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि टॉर्च मारून बुटाच्या घड्या बघा. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर ते बोटांत चोळा. मऊ लागलं आणि आवाजही नसेल, तर नवीन बूट, ग्रीस, क्लिपा एवढ्यावर भागतं. कचकच लागली तर जॉइंटचंच बघा. आमच्या राजापूरकडे चिरेखाणीचा तांबडा चिखल भेगेतून आत शिरतो, म्हणून मी मे महिन्यातच, पाऊस लागायच्या आधी, गाडी वर घेऊन दोन्ही बाजू बघतो.