संध्याकाळी भोंगा वाजला की मोबाईल बंद: पटतं का?

तेरणाकाठ:
२०२२ साली उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनं ठरवलं, सहाला भोंगा वाजला की आठपर्यंत मोबाईल, टीव्ही बंद. सांगलीकडं मोहित्यांचे वडगावात असाच भोंगा सातला वाजायला लागला होता. दोन्हीकडं कारण लेकरांचा अभ्यास. माझं म्हणणं, लेकरांपेक्षा त्याची गरज आपल्याला जास्त.

दिवाळीपासून मी रात्री फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवतो. आधी साडेदहाला 'उलसं बघावं' म्हणून इन्स्टा उघडायचो. वर्गमित्राचा पुण्यातला फ्लॅट, कुणाची नवी गाडी, अन पावणेएकला छातीत धडधड. इकडं सोयाबीन पाण्यात गेलेलं आणि आपण दुसऱ्याच्या बाल्कनीतल्या झोपाळ्यावर जळायलोय! आता झोप लागते. गावोगाव भोंगा पाहिजे.

कोयत्याची_लेक:
एकदा आमच्या घरी या. आई-बाबा दसरा झाला की कारखान्यावर ऊसतोडीला जातात, मी अन भाऊ आजीपाशी. आई दिवसभर फडात. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, येऊन चूल पेटवली की व्हिडिओ कॉल लावते. धुरात निम्मं तोंड दिसतं. तुमच्या त्याच दोन तासांत.

तेरणाकाठ:
कॉलला कोण नको म्हणतंय ताई? मी रील्सचं बोलतोय.

कोयत्याची_लेक:
भोंग्याला काय कळतंय? फोन हातात दिसला की शेजारची चुलती ओरडणार.

बार्शीरोड:
लातूरला नीटच्या तयारीला होतो, होस्टेलवर फोन काढून घ्यायचे. दोन वर्षं तसाच राहिलो. परीक्षा झाली, फोन हातात आला, चार दिवस अंथरूण सोडलं नाही. दुसऱ्यानं हिसकावलेलं टिकत नसतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, २०१८ ला छापून आला. काही जणांना फेसबुक, इन्स्टा, स्नॅपचॅट रोज दहा-दहा मिनिटंच. तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा अन नैराश्य कमी झालं. बंद नव्हतं केलं, कमी केलं होतं.

तेरणाकाठ:
चौथ्या आठवड्यात काय केलं त्यांनी, ते सांग की.

मोंढ्यातला:
भाव ग्रुपवरच कळतो, म्हणून मी भोंग्याच्या विरोधात होतो. पण खरं सांगू? भाव येतो दिवसातून एकदा. मी ग्रुप उघडतो चाळीसदा, कुणाचं भांडण लागलंय का बघायला. काल नोटिफिकेशन बंद केले तर बायको म्हणाली, "अंगात कणकण आहे का?"

शाळामास्तर:
तेरणाकाठ, ती धडधड गेली ना नक्की? फोन लांब ठेवूनही झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तिथं भोंगा कामाचा नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तेरणाकाठ:
गेली सर. ताई, भोंगा नऊला केला तर?

कोयत्याची_लेक:
नऊला आई झोपलेली असते, पहाटे गाडी भरायची असते. नऊला खुशाल वाजवा.